पंगतीखालचं चित्र

नसरापूरला एस.टी.तून उतरलं की समोरच्या खांबाला एक फ्लेक्स बांधलाय. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', मध्ये मालनताईंचा फोटो, भोवती हात जोडलेल्या पुढाऱ्यांची माळ आणि खाली ठळक अक्षरांत 'थोर देणगीदार श्रीमती मालन कोंढाळकर'. ताईंचा फोटो लहान, पुढाऱ्यांचे मोठे. ते एक वेळ चालेल, मेलेल्या माणसाला कुठं मतं मागायची असतात! पण देणगीदार? ज्या एका शब्दाशी बाई म्हातारपणभर भांडल्या, तोच नेमका त्यांच्या मढ्यावर ठेवला. परवा ते वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शेजारचा वडापाववाला माझा जुना विद्यार्थी. तो म्हणाला, बाई, बीपीची गोळी घेतली का. घेतली होती, उपयोग झाला नाही.

म्हणून लिहायला बसले. मी महामार्गालगतच्या एका शाळेत मराठी शिकवत होते. शाळेचं नाव सांगत नाही, सांगण्यासारखं तिनं काही केलेलं नाही.

मालनताई विंझरच्या. भातशेतीचं घर. पोरीला गणित येतंय तर शिकू दे, एवढं वडलांनी मनावर घेतलं म्हणून त्या पुण्याला शिकल्या आणि तिथंच एका संशोधन संस्थेत लागल्या. तेव्हा कॉम्प्युटर म्हणजे अख्खी एक खोली होती आणि आत जाताना चपला बाहेर काढायला लागायच्या. दिवसभर ताई साहेब लोकांची आकडेमोड करून द्यायच्या. साहेब घरी गेले की त्याच यंत्राला स्वतःची आकडेमोड घालायच्या. त्यातून निघायच्या रेघा. कॉम्प्युटरला जोडलेलं दुसरं एक यंत्र असे, त्याला प्लॉटर म्हणतात. त्याच्या चिमटीत पेन असतं आणि हुकूम येईल तसं ते कागदावर फिरतं. हुकूम ताई लिहायच्या. ही रेघ इथून निघेल, शेजारणीच्या फार जवळ गेली तर बिचकेल, मग वळेल, आणि किती बिचकायचं ते मागच्या रेघेवरून ठरेल. चित्रात झाड नाही, माणूस नाही, देव नाही. नुसत्या रेघा, पण वारा सुटल्यावर भाताच्या खाचराकडं बघत राहावं तसं त्यांच्याकडं बघत राहावंसं वाटायचं.

आपल्याकडं तेव्हा असलं कुणी करत नव्हतं. म्हणून कौतुक व्हायला हवं होतं. ते राहिलं बाजूला. "चित्रकार म्हणाले हे गणित हाय, अन् गणितवाले म्हणाले ही रांगोळी हाय," असं ताई सांगायच्या आणि सांगताना अजिबात हसायच्या नाहीत. पुण्यातल्या एका प्रदर्शनात त्यांचं चित्र लागलं, तर खालच्या चिठ्ठीवर नावापुढं 'ऑपरेटर' लिहिलेलं. ताईंनी उद्घाटनाच्या आधीच चित्र उतरवलं, गुंडाळून काखोटीला मारलं आणि बस धरली.

पुढं संस्थेनं तो प्लॉटर भंगारात काढला. ताईंनी तो लिलावात घेतला आणि निवृत्त झाल्यावर एका जुन्या कॉम्प्युटरसह टेम्पोत घालून विंझरला आणला. घरात पुतण्या आणि त्याची बायको रेखा. रेखानं ते धूड ओटीवर उतरताना बघितलं आणि विचारलं, आत्या, ह्याच्यात भात सडता येतो का. ताई म्हणाल्या, "न्हाई. पण सांगितलेलं सगळं ऐकतंय. तुझ्यात न् त्याच्यात एवढाच फरक." हे रेखाच मला पदर तोंडाला लावून सांगायची. दोघींचं गूळपीठ होतं, फक्त बोलण्यावरून कळायचं नाही.

ताईंशी माझी ओळख झाली ती माझी नणंद त्यांच्या शेजारी दिलेली म्हणून. पहिल्यांदा गेले तेव्हा त्या सुती लुगड्यावर पुरुषाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवून बसल्या होत्या, भाताच्या लावणीला बाया घालतात तसा. बोटं निळी. पेनांच्या निबा वाटीतल्या पाण्यात भिजत टाकलेल्या. प्लॉटरची खास शाई मिळेनाशी झाली होती, तर त्या शाळेच्या दौतीतली साधी शाई भरायच्या. चहा कोरा प्यायच्या आणि पाहुण्यालाही कोराच द्यायच्या, दूध हवं असेल तर रेखाकडं मागा म्हणायच्या. पुण्यात इतकी वर्षं काढली, साहेबांशी इंग्रजीत वाद घातले, पण विंझरला आल्यावर ती भाषा त्यांनी शर्टासारखी खुंटीला टांगली.

लोक त्यांना तापट म्हणायचे. तापट नव्हत्या हो. तेच तेच विचारलं की कुणीही तापेल. घरी आलेला प्रत्येक माणूस चित्रापुढं उभा राहायचा, मान तिरकी करायचा आणि विचारायचा, हे काय आहे. एकदा तालुक्याचे कुणी साहेब आले होते, त्यांनीही तेच विचारलं. हे नेमकं काय दाखवलंय? ताईंनी त्यांच्या शर्टाकडं बोट केलं. म्हणाल्या, तुमच्या शर्टावर रेघा हायत, त्या काय दाखवत्यात? साहेबांनी स्वतःच्या पोटाकडं बघितलं. काही दाखवत नाहीत, छान दिसतात म्हणून घेतला, असं म्हणाले. मग झालं तर, असं म्हणून ताईंनी विषय संपवला. साहेब बिचारे पुढचा सगळा वेळ शर्टाची बटणं चाचपत होते.

दुसरा राग लाईटीचा. आमच्याकडं लाईट कधी जाईल ते ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. प्लॉटरचं पेन मस्त चाललेलं असायचं आणि मध्येच जागच्या जागी थांबायचं. ताई असल्या शिव्या द्यायच्या की शेजारची कोंबडी ओटीवरून उतरायची. पण एक गोष्ट त्यांनी कधी केली नाही. राहिलेली रेघ हातानं पुरी केली नाही. लाईट आली की यंत्र थोडं पुढून सुरू व्हायचं, मध्ये वीतभर जागा कोरी राहायची. ती तशीच ठेवायच्या आणि कागदाच्या पाठीमागं बारीक अक्षरात लिहायच्या, 'इथं लाईट गेली'. मी एकदा म्हटलं, ताई, पट्टी लावून जोडून टाका की, कुणाला कळतंय. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी देवाच्या नैवेद्यातला लाडू उचलला.

त्यांचं सगळ्यात मोठं चित्र म्हणजे आमच्या शाळेतलं. प्लॉटरच्या कागदाचा एक अख्खा रोल त्यांनी त्यासाठी लावला. हॉलच्या भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघा जायच्या, मध्ये एका ठिकाणी लाईट गेलेली कोरी जागा. सगळा पावसाळा त्यांनी ते काढलं. शाळेला दिलं, कारण आयुष्यात एक तरी चित्र अशा भिंतीवर असावं जिथं येणारं जाणारं माणूस ते बघेल, ही त्यांची इच्छा. मागणं एकच होतं. खाली लिहा, चित्रकार मालन कोंढाळकर.

शाळेनं पाटी रंगवली. 'संगणकाने काढलेले चित्र. देणगीदार श्रीमती मालन कोंढाळकर.'

त्या दिवसापासून भांडण सुरू झालं. शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष, त्यांना सगळे दादासाहेब म्हणतात, मलाही सवयीनं तेच म्हणावं लागतंय. ताई विंझरहून एस.टी.नं यायच्या, दादासाहेबांच्या समोरच्या खुर्चीत बसायच्या आणि पाटी बदला म्हणायच्या. दादासाहेब चहा मागवायचे. एकदा मी तिथंच होते. ते समजावणीच्या सुरात म्हणाले, आत्या, तुमचा मान आहेच, पण खोटं कसं लिहायचं, काढलं तर कॉम्प्युटरनं ना. ताईंनी कप खाली ठेवला.

"दादासाहेब, कामथडीजवळ बंगला कुनी बांधला?"

"मी बांधला की."

"एक तरी वीट उचलली का तुमी? म्या तर गवंडी बघितला हुता तिथं."

दादासाहेब मोठ्यानं हसले, मीही हसले, शिपाईही हसला. ताई हसल्या नाहीत. दादासाहेब म्हणाले, मुद्दा बरोबर आहे, पुढच्या सभेत घेऊ. पुढची सभा झाली, त्याच्या पुढची झाली. ताई येत राहिल्या. शाळेत पेव्हर ब्लॉक बसले, कमान झाली, कमानीवर दादासाहेबांच्या वडलांचं नाव झालं. त्या पाटीवरचा एक शब्द पुसून दुसरा लिहायला मात्र रंगाचा डबा मिळाला नाही. आणि ही माणसं आता श्रद्धांजली वाहतात.

मग आला माजी विद्यार्थ्यांचा मेळावा. त्यासाठी हॉल रंगवायला काढला. भिंतीवरचं चित्र उतरवलं, वरचं प्लॅस्टिक काढलं, वरखालच्या पट्ट्या काढल्या, गुंडाळी केली आणि खेळाच्या खोलीत उभी करून ठेवली. त्याच खोलीत पंगतीचे कागदी रोल येऊन पडले होते, टेबलावर अंथरतो ते. पुढचं सांगायला नको, पण सांगते, कारण ते कुणी सांगत नाही. मेळाव्याच्या दिवशी वाढप्यांनी सगळे रोल बाहेर काढले आणि चित्रही काढलं. कोरी बाजू वर करून लांबच्या लांब टेबलांवर अंथरलं. पत्रावळ्या मांडताना एक जण कौतुकानं म्हणाला, यंदा कागद लई भारी आणलाय. हे मी माझ्या कानांनी ऐकलं आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही, वाटणार तरी कसं.

ताईंना आमंत्रण होतं, देणगीदार म्हणून. मी त्यांच्या शेजारी जेवायला बसले. मसालेभात झाला, मटकीची उसळ आली. वाढणाऱ्या पोरीच्या हातून पळीभर रस्सा पत्रावळीच्या बाहेर सांडला. कागद भिजला आणि भिजलेल्या जागी खालून निळ्या रेघा वर उमटल्या. मला वाटलं रोल रंगीत आहे. ताईंनी घास खाली ठेवला. बोटानं ती ओली जागा चाचपली. मग कागदाचा काठ उचलून खाली बघितलं.

मी उठले. मी ओरडणार होते, उठा सगळे, पत्रावळ्या उचला. ताईंनी माझा हात धरला. मला खाली बसवलं.

"जेवू दे त्यांना. पंगतीवरनं मानूस उठवू न्हाई."

आणि त्या स्वतः उठून भिंतीशी जाऊन उभ्या राहिल्या. सगळी पंगत होईपर्यंत उभ्या होत्या. आमच्याकडचा आग्रह तर तुम्हाला माहीत आहे. जिलेबी फिरली, परत फिरली, पैज लागली, कुणीतरी कुणाच्या तोंडात कोंबली. पाण्याचे ग्लास लवंडले. दौतीतली साधी शाई ती, पाण्याला कुठली थांबते. पंगत उठली तेव्हा टेबलांवरून निळं पाणी ठिबकत होतं. सफाईवाल्यांनी कागद खरकट्यासकट गुंडाळला. ताईंनी फक्त एवढंच विचारलं, कोरी जागा होती तो तुकडा कुठं गेला. कुणाला काय माहीत.

दादासाहेब धावत आले. खरंच धावत आले, खोटं कशाला बोलू. हात जोडले. आणि मग जे म्हणाले ते ऐकून मला त्यांच्या जोडलेल्या हातांवर छडी मारावीशी वाटली. म्हणाले, "आत्या, जिवाला लावून घेऊ नका. कॉम्प्युटरवर असंलच की. परत काढू."

त्यांचं चुकलं ते काय, ते त्यांना आजही कळलेलं नाही. त्यांना वाटतं, यंत्रानं काढलेलं चित्र म्हणजे सातबाराचा उतारा, हरवला तर पुन्हा काढायचा. प्रोग्राम होता, हुकूम तेच होते. पण त्या पावसाळ्यात कागद किती सर्दला होता, कुठलं पेन कुठं अडलं, कुठं ताईंनी मध्येच थांबवून हुकूम बदलला आणि कुठं लाईट गेली, ते कोण परत काढणार? मी हे तिथंच बोलले. दादासाहेब माझ्याकडं बघून म्हणाले, बाई, तुम्ही मराठीच्या ना.

त्यांनी शब्द पाळला, हा त्याहून वाईट भाग. काही महिन्यांनी ताईंचा सत्कार ठरला. हॉलमध्ये भिंतभर काहीतरी झाकून ठेवलेलं, समोर लाल फीत. ताईंनी यायचं नाही असंच ठरवलं होतं. पण रेखा म्हणाली, आत्या, पत्रिकेवर तुमच्या नावाच्या आधी चित्रकार लिहिलंय. ताईंनी चष्मा लावून पत्रिका दोनदा वाचली आणि मग शर्ट काढून त्या चांगलं लुगडं नेसल्या.

तबकात कात्री आली. ताईंनी फीत कापली, पडदा सरकला. भिंतीवर फ्लेक्स होता. चकाकणारा, निळ्या रेघांचा, अगदी ताईंच्या चित्रासारखा. कॉम्प्युटरचे नवे सर माईकवर सांगत होते की स्नेहसंमेलनाच्या जुन्या फोटोंमध्ये मागं भिंतीवर चित्र दिसत होतं, ते एआयला दिलं आणि त्यानं मॅडमच्या शैलीत नवं चित्र काही क्षणांत तयार केलं. टाळ्या पडल्या. खाली उजव्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरांत छापलं होतं, 'चित्रकार : मालन कोंढाळकर'.

ताई फ्लेक्सच्या जवळ गेल्या. नाकाला टेकेल इतक्या जवळ. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेल्या. लोकांना वाटलं बाईंना भरून आलं. मग त्यांनी त्या सरांना जवळ बोलावलं. पोरगा चांगला होता, खालमानेनं आला. ताईंनी रेघांमधल्या एका कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. सारख्या अंतरावर, सारख्या मापाच्या कोऱ्या जागा, लुगड्याच्या काठावर बुट्टे असतात तशा.

"हितं मोकळं का सोडलंय?"

"मॅडम, ती तुमची स्टाईल आहे ना."

"ती स्टाईल न्हाई, बाळा. तवा लाईट गेली हुती."

माईक चालू होता, सगळ्यांना ऐकू गेलं. कुणीतरी हसलं. दादासाहेब उठले आणि म्हणाले, आत्या, नाव तरी बघा, तुमच्या मनासारखं लिहिलंय. ताई म्हणाल्या, व्हय, बघितलं. फीत कापलेली कात्री त्यांच्या हातातच होती. त्या कोपऱ्याशी वाकल्या आणि फ्लेक्सला कात्री लावली. फ्लेक्स कापताना कसला करकर आवाज येतो. कुणी पुढं झालं नाही, फोटोवाल्यानंही कॅमेरा खाली केला. ताईंनी आपल्या नावाची पट्टी सरळ कापून काढली, घडी न घालता गुंडाळली आणि पिशवीत ठेवली. कात्री तबकात परत ठेवली. शाल खुर्चीवर ठेवली, नारळ घेतला, म्हणाल्या घरी चटणीला होईल.

विंझरवरून जाणारी वेल्ह्याची एस.टी. यायला वेळ होता. थांब्यावर मी त्यांच्याशेजारी बसले होते आणि मीच बडबडत होते, तक्रार करू, पेपरला देऊ. त्यांचं माझ्याकडं लक्ष नव्हतं. मध्येच म्हणाल्या, "यंत्रावर राग न्हाई माझा. त्याला मानसानं जे सांगितलं ते त्यानं क्येलं. पर सांगणारी म्या नव्हते ना. मग माझं नाव कशाला?" आणि पिशवी मांडीवर घट्ट धरली.

नंतर मी विंझरला गेले ती भात झोडून झाल्यावर. अंगणात पेंढ्याच्या गंज्या रचल्या होत्या, रेखा सूप घेऊन बसली होती. ओटीवर प्लॉटर चालू होता. ताई फार वाळल्या होत्या, शर्ट खांद्यावरून घसरत होता, पण बोटं निळी होती. मी कोरा चहा घेतला. पेन कागदावर अर्ध्याला आलं आणि लाईट गेली.

मी कानांवर हात ठेवायच्या बेतात होते. पण शिव्या आल्या नाहीत. ताईंनी यंत्रातून कागद सोडवला. अर्ध्या कागदावर रेघा, पुढचा अर्धा कोरा. लाईट येईल की, मी म्हटलं. त्या म्हणाल्या, आता एवढंच. कागद पालथा घातला आणि मागं त्यांचं ते नेहमीचं वाक्य लिहिलं. मग मला म्हणाल्या, ती पिशवी दे. पिशवीतून फ्लेक्सची पट्टी काढली, ती अजून वळलेलीच राहिली होती. कागद भिंतीला टाचण्यांनी लावला आणि त्याच्याखाली पट्टी लावली. एक टोक सारखं वर उचलायचं, तिथं त्यांनी आणखी एक टाचणी मारली.

रेखा दारातून बघत होती. म्हणाली, आत्या, वाकडं लागलंय. ताई मागं सरकल्या, डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाल्या, "असू दे. आता खरं हाय."